नवं कासव खात नाही, मातीत शिरून बसतं: काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहता. सप्टेंबरच्या शेवटी सहा वर्षांच्या मुलासाठी दुकानातून हॉर्सफील्ड जातीचं कासव आणलंत, वजन साधारण ४०० ग्रॅम. पहिल्या दिवशी त्यानं काकडीचे दोन तुकडे खाल्ले आणि तेव्हापासून दोन आठवडे अन्नाला तोंड लावलेलं नाही. दिवसभर कोपऱ्यात माती उकरून आत बसतं. राहायला काचेची टाकी, खाली हीट मॅट, वर लाल बल्ब. आइसबर्ग लेट्यूस, पालक, टोमॅटो, मोड आलेले मूग असं सगळं देऊन झालं. नाशिकहून सासूबाई सांगतात, थंडीत कासवं झोपतातच, झोपू दे त्याला. दुकानदार म्हणतो, दोन-तीन महिने नाही खाल्लं तरी त्याला काही होत नाही.

मी इथे बरीच वर्षं पशुवैद्य म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत सरपटणारे प्राणीच जास्त. सासूबाई आणि दुकानदार दोघंही अर्धं खरं सांगताहेत. पण त्या अर्ध्या खऱ्यावर विसंबून राहिलेली कासवं डिसेंबर-जानेवारीत दवाखान्यात येतात तेव्हा त्यांची अवस्था फार वाईट असते. म्हणून आधी तेवढं उलगडून सांगते.

तुमचं कासव मूळचं मध्य आशियातलं. कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तानपासून इराण, अफगाणिस्तान, बलुचिस्तानपर्यंतचा कोरडा, खुरट्या गवताचा पट्टा हे त्याचं घर. तिथला उन्हाळा भाजून काढतो आणि हिवाळा गोठवतो. त्यामुळे हे कासव वर्षातले मोजके महिने, मुख्यतः वसंतात, जमिनीवर वावरतं आणि उरलेला काळ बिळात काढतं. ब्रिटनच्या दुकानांत येणारी बरीचशी हॉर्सफील्ड उझबेकिस्तानातून आणलेली असतात. म्हणजे पेटीतला प्रवास, मग घाऊक व्यापाऱ्याकडे मुक्काम, मग दुकान आणि शेवटी तुमचं घर. माती उकरून बसणं हा आजार नव्हे. जागा अनोळखी असेल, कोरडी असेल किंवा थंड असेल, तर या जातीला पहिलं तेच सुचतं. काही दिवस ते तसं बसलं तर मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती खालच्या हीट मॅटची आणि कॅलेंडरवरच्या ऑक्टोबरची.

शीतनिद्रा आणि नुसतं गारठून बसणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत. खऱ्या शीतनिद्रेत कासवाला साधारण ५ अंश सेल्सिअस लागतात, ३ ते ७ च्या मध्ये. त्या तापमानाला शरीराचा सगळा कारभार इतका मंदावतो की महिनोन्महिने न खाता वजनात फारशी घट होत नाही. दुकानदाराचं म्हणणं त्या अवस्थेपुरतं बरोबर आहे. पण १२ ते १८ अंशांत, म्हणजे इंग्लंडमधल्या हीटिंग बंद केलेल्या खोलीत, कासव धड झोपत नाही आणि धड जागंही राहत नाही. साठवलेली चरबी जळत राहते, पाणी कमी होत राहतं, पण भूक लागण्याइतकी ऊब अंगात नसते. पोटात आधीचं काही असलंच तर पचायच्या ऐवजी ते सडतं. कारण पाला पचवण्याचं काम आतड्यातले जंतू करतात आणि त्यांनाही ऊब लागते. या मधल्या पट्ट्यात अडकलेलं कासव हळूहळू खंगतं. ते शांत दिसतं म्हणून घरच्यांना वाटतं, झोपलंय.

शिवाय शीतनिद्रेची तयारी असते. उन्हाळ्याच्या शेवटी तपासणी, वजन, विष्ठेची चाचणी, मग तीन-चार आठवडे खाणं बंद करून आतडी रिकामी करणं आणि त्या काळात पाण्यात बसवणं चालू ठेवणं, मग हळूहळू तापमान उतरवणं. नुकतं आणलेलं, पूर्वेतिहास माहीत नसलेलं, न खाणारं कासव या वाटेला न्यायचंच नाही. सासूबाईंना सांगा की तुमचा मुद्दा पुढच्या वर्षी लागू, यंदा त्याला जागं ठेवायचं आहे. जागं ठेवायचं म्हणजे पुरतं जागं, अर्धवट नाही.

म्हणून अन्नाचे प्रकार बदलत बसू नका. रोज नवी भाजी, रोज नवी जागा, रोज उकरून बाहेर काढून तोंडासमोर पान धरणं, हे सगळं आजपासून बंद. क्रम असा आहे: आधी ऊब आणि उजेड, मग पाणी, मग एकांत आणि सगळ्यात शेवटी अन्न. माझ्याकडे न खाणारी म्हणून आणलेली बहुतेक नवी कासवं पहिल्या दोन गोष्टी नीट झाल्या की आपणहून खायला लागतात.

हीट मॅट आजच काढा. रानात ऊब वरून, सूर्याकडून येते आणि गारवा खाली असतो. उकडलं की कासव खाली खणतं. तुम्ही खालून तापवलं तर त्याचं सगळं गणितच उलटं होतं. ते गारव्यासाठी खणतं आणि जास्त गरम जागी पोचतं. पोटाच्या कवचाला खालून चटका बसलेली कासवं मी पाहिली आहेत. लाल बल्बही काढा. त्यानं ऊब मिळते, पण दिवस उजाडत नाही आणि कासवाला दिवस उजाडल्याचं कळणं फार गरजेचं आहे. सध्या तुमच्या खिडकीतून येणारा उजेड रोज थोडा लवकर मावळतो आणि तो त्याला सतत सांगतोय की आता बिळात जा.

त्या जागी पांढऱ्या उजेडाचा बास्किंग बल्ब, म्हणजे कासवाला खाली बसून अंग शेकायचा दिवा, टाकीच्या एका टोकाला वर टांगा. त्याच्या बरोबर खाली स्लेटची एखादी सपाट फरशी ठेवा, आपल्याकडच्या शहाबादीसारखी. फरशीच्या पृष्ठभागावर ३२ ते ३५ अंश मिळायला हवेत आणि दुसऱ्या टोकाला २० ते २२. हे आकडे हातानं अजमावायचे नाहीत. स्वयंपाकघरात वापरतात ती इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक दहा-पंधरा पौंडांत मिळते, तिनं मोजा. बल्ब किती वॉटचा हे मी सांगणार नाही. तुमच्या खोलीत आणि तुमच्या उंचीवर ६० वॉटचाही पुरेल किंवा १०० लागेल. मोजून बल्ब वर-खाली करा. होल्डर सिरॅमिकचा हवा आणि बल्ब साखळीनं टांगलेला हवा. नुसत्या चिमट्यावर लावलेला दिवा मातीवर पडून आग लागते.

दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांचा, आणि त्याबद्दल दुकानात काहीही सांगितलं असलं तरी तो ऐच्छिक नाही. त्या किरणांशिवाय कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी-३ नसेल तर कॅल्शियम शोषलं जात नाही आणि काही महिन्यांत कवच मऊ, पाय अशक्त अशी हाडांची दुखणी सुरू होतात. टी-५ प्रकारची १० किंवा १२ टक्क्यांची ट्यूब घ्या. ती कासवाच्या पाठीपासून साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरवर येते, नेमकं अंतर खोक्यावर छापलेलं असतं. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको, कारण त्यातून यूव्हीबी जवळपास जातच नाही. त्यामुळे खिडकीतलं ऊनही या कामाचं नाही. ट्यूब दिसायला वर्षानुवर्षं उजळ राहते, पण यूव्हीबी आधी कमी होतं, म्हणून वर्षाला बदलायची. तारीख ट्यूबच्या टोकाला मार्करनं लिहून ठेवा.

दोन्ही दिवे टायमरवर लावा, रोज १२-१३ तास, ठरलेल्या वेळी चालू आणि ठरलेल्या वेळी बंद. रात्री पूर्ण अंधार. रात्री खोली १५-१६ अंशांवर उतरली तरी निरोगी हॉर्सफील्डला चालतं. सकाळी परत अंग तापवायला मिळालं की झालं.

टाकीबद्दल. काच कासवाला कळत नाही. ते तिला रेटत राहतं, कोपऱ्यात चढायला बघतं, थकतं आणि मग पुरून घेतं. इथले अनुभवी लोक वरून उघडी लाकडी पेटी वापरतात, एका कासवाला कमीत कमी चार फूट बाय दोन फूट. जुनं पुस्तकांचं कपाट आडवं पाडून फळ्या काढल्या तरी छान काम होतं आणि खर्च जवळपास शून्य. तोवर टाकीच्या बाजूंना बाहेरून तपकिरी कागद चिकटवा, कासवाच्या डोळ्यांच्या बराच वरपर्यंत. तळाला खत न मिसळलेली बागेची माती आणि मुलांच्या खेळातली वाळू, माती थोडी जास्त, चार ते सहा इंच जाडीचा थर. वरचा थर कोरडा, खालचा किंचित ओलसर. दुकानातला लाकडाचा भुसा किंवा गोळ्या नकोत, त्या फार कोरड्या असतात. गार बाजूला एक आडोसा द्या, अर्ध्या फोडलेल्या कुंडीइतका साधा चालेल. लपायला जागा काढून घेतली की कासव बाहेर येईल, असा एक समज आहे. होतं उलटंच. आडोसा असलेलं कासव लवकर धीट होतं.

पाणी हा यातला सर्वात दुर्लक्षित भाग. दोन आठवडे न खाल्लेल्या कासवाला भुकेच्या आधी तहान मारते. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी त्याला कोमट पाण्यात बसवा. बाळाच्या आंघोळीला कोपरानं पाणी बघतो, तेवढं कोमट. त्याच्यासाठी वेगळं, उभ्या कडांचं, आरपार न दिसणारं टब ठेवा आणि ते स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. पाणी किती? वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं त्या रेषेपर्यंत, मान ताणून डोकं सहज वर राहील इतकंच. पंधरा मिनिटं.

तिथे बसून बघा, कारण याच वेळात कासव सगळ्यात जास्त सांगतं. बहुतेक कासवं पहिली दोन-तीन मिनिटं चालायचा प्रयत्न करतात, मग थांबतात, डोकं पाण्यात टेकवतात आणि गळ्याची कातडी हळूहळू वर-खाली होताना दिसते. ते पितंय. पुष्कळदा लगेच शी-शू होते. लघवीबरोबर पांढरा पदार्थ पडतो, तो युरेट. मऊ, पातळसर असेल तर ठीक. रवाळ, कडक खडे असतील तर अंगात पाणी फार कमी आहे. नाकाकडे बघा: बुडबुडे, ओलेपणा, सुकलेली पांढरी कड. डोळे पूर्ण उघडतायत का, खोल गेलेत का. उचलताना मागचा पाय बोटानं हळूच बाहेर ओढून बघा. निरोगी कासव तो जोरात आत ओढून घेतं. सैल लोंबणारा पाय मला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त सांगतो. आंघोळ झाली की कोरडं करून थेट दिव्याखालच्या फरशीवर ठेवा. मातीतच पुरलेलं असेल तर सकाळी आंघोळीसाठी उकरायला हरकत नाही, पण दिवसातून एकदाच.

एकांताचा मुद्दा तुमच्या मुलामुळे नाजूक आहे. वरून येणारा हात कासवाला भक्षकाचा वाटतो. दोन आठवडे त्याला फक्त आंघोळ आणि वजनासाठी उचला, तेही बाजूनं आणि दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देऊन. मुलाला मात्र कामातून बाजूला काढू नका. वजनाचा तक्ता लिहिणं आणि बागेतून पाला गोळा करणं ही कामं सहा वर्षांच्या मुलाला उत्तम जमतात. हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणानं हात धुवायचे, तोंडाजवळ न्यायचं नाही, पापी घ्यायची नाही. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. घरात पाच वर्षांखालचं दुसरं भावंड असेल तर जास्तच जपा.

आता अन्न. तुम्ही दिलेल्या यादीपैकी एकही पदार्थ त्याच्या रोजच्या जेवणातला नाही. आइसबर्ग म्हणजे जवळपास पाणीच. पालकात ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. आपल्या सवयीच्या चाकवत, चुका, माठ, राजगिरा या भाज्याही त्याच कारणानं नकोत. मोड आलेल्या मुगात प्रथिनं आणि फॉस्फरस जास्त, तंतू कमी. फळांच्या साखरेनं आतड्यातल्या जंतूंचा तोल जातो आणि जंतांना मात्र फावतं. भात, पोळी, दूध, कुत्र्या-मांजराचं खाणं यांचा तर विचारही नको.

त्याला हवं ते साधं रानटी तण, चिवट, तंतूंनी भरलेलं, कडवट. इंग्लंडमध्ये डँडेलियन, सो थिसल, रिबवर्ट प्लँटेन, हॉकबिट, मॅलो, बाइंडवीड हे सगळं फुकट उगवतं. यातली पहिली दोन ओळखायला आपल्याला अडचण येऊ नये, कारण माळावरची पाथरी त्यांच्याच कुळातली. ऑक्टोबरातही डँडेलियन आणि प्लँटेनची पानं मिळतात. कुत्री फिरवतात ती जागा, गाड्यांचा रस्ता आणि फवारणी केलेलं लॉन सोडून द्या. बटरकप, फॉक्सग्लव्ह, डॅफोडिल, रॅगवर्ट ही विषारी, ती आधी ओळखायला शिका आणि मगच मुलाला पिशवी द्या. हिवाळ्यात काही मिळालं नाही तर सुपरमार्केटमधलं लॅम्ब्स लेट्यूस, रॉकेट, एन्डाइव्ह, राडिक्किओ, थोडं वॉटरक्रेस. जास्वंदीचं झाड घरात असेल तर पान आणि फूल दोन्ही चालतं, बहुतेकांना आवडतंच. तुतीचं पानही. भाजी कितीही उत्तम असली तरी एकच एक देऊ नका.

पानावर कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट भुरभुरा, फॉस्फरस नसलेली. कोपऱ्यात समुद्रफेसाचा (कटलबोन) एक तुकडा कायमचा ठेवून द्या. वाटेल तेव्हा कासव तो कुरतडतं आणि चोचही झिजते.

कधी द्यायचं, तर दिवे लागल्यावर तासा-दीड तासानं, आंघोळ होऊन अंग तापल्यावर. थंड कासवासमोर ठेवलेलं ताट वाया जातं. वाटीत देऊ नका. दिव्याजवळच्या स्लेटवर, जमिनीच्या पातळीला पसरून ठेवा, साधारण त्याच्या कवचाएवढा ढीग. मग खोलीतून निघून जा. संध्याकाळी उरलेलं उचला आणि किती हललं ते बघा.

नव्या कासवाला खाणं ओळखू यावं म्हणून एक-दोन युक्त्या आहेत. कासवांना पिवळा आणि लाल रंग चटकन दिसतो, म्हणून हिरव्या पानांवर डँडेलियनचं एखादं पिवळं फूल ठेवा. वासाचंही तसंच. तुमच्यानं काकडी खाल्ली होती, म्हणजे त्या वासाची त्याला ओळख आहे. काकडी चिरडून तिचं पाणी डँडेलियनच्या पानांना चोळा आणि एखादा बारीक किस वर ठेवा. पुढच्या काही दिवसांत किस कमी करत जा. दुकानात त्याला काय घालायचे हेही विचारून घ्या. तेच थोडं बारीक चिरून तणात मिसळलं की संक्रमण सोपं जातं. जबरदस्तीनं तोंड उघडून कोंबू नका. जबडा मोडतो, शिवाय अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

पहिला घास ओळखता यायला हवा, कारण तो बराच वेळ घेतो. कासव पानाजवळ येतं, थांबतं, मान पूर्ण ताणून नाक पानाला टेकवतं. हे वास घेणं मिनिटभरही चालतं. मग डोकं जरा तिरपं होतं, तोंड रुंद उघडतं, गुलाबी जीभ दिसते आणि बऱ्याचदा पहिला चावा हवेतच जातो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पान सापडतं, मग पुढचा पाय पानावर दाबून डोकं मागे खेचून ते फाडतं. या मधल्या वेळात कुणी आनंदानं पुढे धावलं की सगळं संपतं. लांबून बघा.

हे वसंतात वाचणाऱ्यांसाठी: ऊन पडून बाहेर २० अंश असतील तर फवारणी न केलेल्या गवतावर, कुंपण घालून, लक्ष ठेवून सोडा. आठवडाभर आत हट्टानं बसलेलं कासव खऱ्या उन्हात गवतावर सोडलं की अर्ध्या तासात चरायला लागतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मे महिन्यात माझा पहिला सल्ला तोच असतो. कोल्हा, मॅगपाय पक्षी आणि शेजारचा कुत्रा यांची मात्र नजर असते. तुम्हाला रेडिंगच्या ऑक्टोबरात तसा दिवस मिळाला तर तो दवडू नका.

वजनाशिवाय यातलं काहीच नीट कळत नाही. स्वयंपाकाचा डिजिटल काटा पुरे, फक्त त्यावर पुन्हा कणीक मोजू नका, कासवाचा वेगळा घ्या. दर तीन दिवसांनी, सकाळी, आंघोळीच्या आधी. पाणी पिऊन किंवा शू करून दहा-वीस ग्रॅम सहज इकडे-तिकडे होतात, म्हणून एका आकड्यावर घाबरू नका, कल बघा. ४०० ग्रॅमच्या कासवाचं वजन ३६० च्या आसपास आलं, म्हणजे दहावा हिस्सा गेला, तर वाट बघत बसायचं नाही, पशुवैद्याला दाखवायचं. इंटरनेटवर लांबी आणि वजनाचा जॅक्सन आलेख सापडेल. तो ग्रीक आणि हर्मन कासवांसाठी बनवलेला आहे, हॉर्सफील्डची ठेवण गोल आणि बसकी असल्यानं त्याला तो लावू नका.

जाता जाता: सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत संघाच्या झोंड ५ यानातून याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून सुखरूप परतली होती. त्यांचंही वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं, भूक मात्र शाबूत होती. चंद्रावरून आलेल्याला ती घट माफ. दिवाणखान्यातल्याला नाही.

सगळं नीट लावल्यावर काय अपेक्षा ठेवायची? तीन-चार दिवसांत ते स्वतःहून दिव्याखाली येऊन पाय पसरून बसू लागेल. ते झालं की अर्धं काम झालं. खाणं त्यानंतर आठवड्या-दहा दिवसांत. ऊब आणि उजेड बरोबर असूनही दोन आठवड्यांत तोंड लावलं नाही, तर कारण घरात नाही, कासवात आहे. हे मोठ्या कासवाचं वेळापत्रक. याच वर्षी जन्मलेलं पिल्लू असेल तर इतकी वाट बघायची नाही, काही दिवसांतच दाखवायचं.

तुमच्या बाबतीत मी एक गोष्ट आत्ताच करायला सांगेन: विष्ठेची तपासणी. आयात होऊन आलेल्या हॉर्सफील्डमध्ये जंत फार सर्रास असतात आणि ताणाच्या काळात ते वाढतात. आंघोळीत पडलेली ताजी विष्ठा डबीत घालून त्याच दिवशी दवाखान्यात द्या. जंत निघाले तर पशुवैद्य बहुधा फेनबेंडाझोल देतील, वजनाप्रमाणे. आयव्हरमेक्टिन कासवांना कुठल्याही परिस्थितीत द्यायचं नाही, ते त्यांना विषारी ठरतं. हे लिहायचं कारण म्हणजे गावाकडे गुरांसाठी आणलेलं ते औषध घरात असतं आणि कुणीतरी प्रेमानं सुचवतं. न खाणाऱ्या कासवाला सरसकट ए जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देण्याची जुनी पद्धतही आता सोडा. मात्रा जास्त झाली तर कातडी सोलवटून निघते.

नाक वाहणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, तोंडात पिवळा-पांढरा थर, डोळे सुजून बंद, पाय ओढत चालणं, कवचाला दाबल्यावर लवचिकपणा यातलं काहीही दिसलं तर दोन आठवड्यांचा हिशेब विसरा आणि त्याच दिवशी दाखवा. मादी असेल तर अंडी अडकलेली असू शकतात. नराशिवायही मादी अंडी धरते आणि हे एक्स-रेवर लगेच कळतं. मूत्राशयातला खडा, आतड्यात अडकलेली वाळूही तिथेच दिसते. कुत्र्या-मांजरांच्या नेहमीच्या दवाखान्यात फोन करताना आधी विचारा की तुमच्याकडे कासवं नियमित येतात का, झूऑलॉजिकल मेडिसिनचं, म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडच्या प्राण्यांच्या उपचारांचं, प्रमाणपत्र असलेलं कुणी आहे का. नसेल तर ते पुढे पाठवतात, त्यात कुणाला वाईट वाटत नाही.

एक खात्री करून घ्या. पुढच्या पायांची नखं मोजा. हॉर्सफील्डला प्रत्येकी चार असतात. पाच असतील आणि शेपटीच्या टोकाला शिंगासारखं टोक असेल तर ते हर्मन आहे आणि मग विक्रीबरोबर अनुच्छेद १० चं प्रमाणपत्र, म्हणजे संरक्षित जातीच्या विक्रीचा सरकारी कागद, मिळायलाच हवं होतं. हॉर्सफील्डला ते लागत नाही. सोबतीला दुसरं कासव आणायचा विचार असेल तर तो सोडा. ही एकट्यानं राहणारी जात आहे. दोन ठेवली की एक दुसऱ्याला दबवतं आणि दबलेलं खायचं थांबतं.

तुमच्या भावाला पुण्यात चांदणी कासव, म्हणजे स्टार टॉर्टॉइज, कुणीतरी देऊ करतंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याला घेऊ नको म्हणून सांगा. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि २०१९ पासून सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यानं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे. देणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी कळवायचं वनविभागालाच.

पुन्हा लिहाल तेव्हा हे पाठवा: फरशीवरचं आणि गार टोकाचं दुपारचं तापमान, रात्रीचं सर्वात कमी तापमान, ट्यूबचा प्रकार आणि पाठीपासूनचं अंतर, तीन-चार वजनं तारखेसकट आणि आंघोळीतल्या युरेटचा फोटो. कासवाचा फोटो असला तर समोरून, नाक आणि डोळे दिसतील असा.